चष्मा काढल्यावरचा निळा

९ जानेवारी

प्रिय आत्या,

नोकरी लागून पंधरवडा झाला तरी पत्र नाही, म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी नुसत्या भांडतो आणि खरं काय ते राहूनच जातं.

मला कुठे काम मिळालंय ते ऐकशील तर खुर्चीतून उठशील. तुझ्या डोळ्यात, मागच्या पडद्यावर जी चकती बसवली आहे ना, तसल्या चकत्या किती वर्षं टिकतात आणि डोळ्याला त्यांचा त्रास होतो का, हे आम्ही तपासतो. आमची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, दिवे मंद, आणि भिंतीला लागून काचेच्या बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीत डोळ्यात असतं तितकं खारट पाणी, पण चांगलं गरम, आणि त्यात एकेक चकती तरंगत असते. पाणी गरम असलं की चकती लवकर म्हातारी होते. बाहेर एक आठवडा जातो तेव्हा बरणीत कितीतरी महिने गेलेले असतात. दुपारी काचांवर वाफ धरते, पंप एकसुरी घुमत राहतो आणि मला कधीकधी वाटतं, मी पुढच्या कुठल्यातरी वर्षात बसून डबा खातेय.

आमच्या मुख्य बाई पाण्यातल्या मिठाच्या बाबतीत इतक्या काटेकोर आहेत की सगळे त्यांना मीठबाई म्हणतात. त्यांच्यासमोर नाही, अर्थात.

आता मुद्द्याचं. तुझ्या कार्डावरचा नंबर मी पाहिला. तुझी चकती ज्या घाण्यातून निघाली, त्याच घाण्यातली एक इथे माझ्या समोर आहे. तुझी जुळी बहीण म्हण. फक्त ती आता तुझ्यापेक्षा पुष्कळ म्हातारी झाली आहे. रोज सकाळी मी तिला मीटर लावते. अजून ठणठणीत आहे. मला फार बरं वाटतं.

तुझी,
ठकी


२० जानेवारी

ठके,

तुझं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं. मास्तर म्हणजे माझं ते वाचणारं यंत्र, त्याच्याखाली कागद धरला की खडखडीत आवाजात वाचतं. तुझी सगळी थट्टा त्यांनी मयताची बातमी द्यावी तशी वाचली. उत्तर मी नेहमीसारखं टाइपरायटरवर, बोटांच्या सवयीने ठोकतेय.

म्हणजे तुला नोकरी लागली ती माझ्या डोळ्यात डोकावायची. छान. माझ्या जुळीला माझा नमस्कार सांग, आणि म्हातारपणी गुडघे दुखतात का तेवढं विचारून ठेव.

तुझ्या तळघराचं वाचून मला माझी डार्करूम आठवली. फोटोच्या दुकानात मी सगळं आयुष्य अंधारातच काढलं. अंधारात काम करणारीला आपले डोळे चाललेत हे सगळ्यांत शेवटी कळतं. मला आपलं वाटायचं, लाल दिवाच मंद झालाय. बल्बवरून मालकाशी दोनदा भांडले मी.

आता माझं कसं चाललंय ते सांगते. चष्मा लावला की दाराची कड दिसते, खिडकी दिसते, काळ्या टेबलावरची पांढरी बशी दिसते. सगळं पिवळट पांढऱ्या ठिपक्यांचं. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. तिथे एक बाई पडद्यावर पांढरा चौकोन दाखवते आणि कुठे आहे विचारते. मी बोट दाखवते. ती म्हणते, उत्तम. मी तिला चौकोनवाली म्हणते. चांगली आहे बिचारी, पण चौकोनापलीकडे तिला जग नाही.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही, तुला सांगते. तीन-चार आठवड्यांमागे संध्याकाळी चष्मा काढून ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. शेजारणीचा रेडिओ चालू होता. आणि डाव्या बाजूने उजेड आला, ठके. ठिपके नव्हेत. सलग. हळूहळू पसरत मध्यापर्यंत आला, थांबला, मागे गेला, परत आला. आणि तो निळा होता.

निळा रंग मी किती वर्षांनी पाहिला ते मोजवत नाही. पाण्यात शाईचा थेंब पडला की कसा पसरतो, तसा. मी रडले का विचारू नकोस.

आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. किती सुंदर लिहिलंस.

पण घाबरू नकोस हं. असं होतं. डोळ्याला काम कमी पडलं की मेंदू बसून कंटाळतो आणि स्वतःच चित्रं काढायला लागतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला छोटी माणसं. शिवाय तुझी चकती चष्म्यावरच चालते. चष्म्यातला कॅमेरा बघतो, चष्माच तिला वीज पुरवतो. चष्मा काढलास की ती मेल्यासारखी पडून असते, तिच्यातून काही येणं शक्यच नाही. तेव्हा हा निळा म्हणजे तुझ्या मेंदूची करमणूक. मजा घे.

इकडे सगळं ठीक. जुळी तब्येतीने उत्तम. काल मीठबाईंनी मला पाणी बदलताना पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. इथे ही शाबासकी धरतात.

तुझी,
ठकी


१ मार्च

ठके,

करमणूक म्हणे. मास्तरांनी तो शब्द वाचला तेव्हा मी त्यांना बंदच करून टाकलं आणि दोन दिवस रुसून बसले.

माझ्या मेंदूला मी ओळखते. तो आळशी आहे, त्याला स्वप्नंसुद्धा बेताचीच पडतात. ही त्याची करणी नव्हे.

आता तो रोज येतो. मी वेळेवर चहा उरकते, चष्मा फळीवर ठेवते आणि खुर्ची खिडकीपासून वळवून बसते, कारण याला खिडकीशी काही देणंघेणं नाही. आधी काही नाही. मग डावीकडून येतो. हल्ली नुसता पसरत नाही, त्यात घड्या पडतात, ओली चादर दोघींनी धरून झटकावी तशी एक लाट जाते. मध्येच कडेला जांभळट होतो. काल तो इतका वेळ थांबला की शेजारीण दोनदा हाक मारून गेली तरी मला पत्ता नाही. तिला वाटलं मी गेले. 

तुला सांगू का? चष्म्याचा उजेड कामाचा आहे. दार, बशी, पायरी. मी त्याची उपकृत आहे. पण हा उजेड बिनकामाचा आहे. याच्यात मला काही शोधायचं नसतं, कुठे बोट दाखवायचं नसतं. आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं आणि बारशी धुऊन दिली मी. हे एक माझं आहे.

तेव्हा तुझ्या ऑफिसात याची वाच्यता करायची नाही. तपासणीतही कुणी विचारत नाही. चौकोनवाली विचारते ते चष्मा लावून काय दिसतं एवढंच. उद्या यांच्या कानावर गेलं तर म्हणतील काढून टाका. चष्मा नेला तरी चालेल, बशा मी हाताने चाचपेन. हा नेलेला मला चालणार नाही. शब्द दे.

आत्या


१७ मार्च

प्रिय आत्या,

शब्द दिला. रुसवा सोड.

सहज एक विचारू का? फक्त कुतूहल म्हणून. चष्मा काढल्यावर निळा लगेच येतो की थोड्या वेळाने? नेहमी डावीकडूनच येतो का? पहिल्यापेक्षा आता मोठा झालाय का? आणि त्या डोळ्यात कधी टोचल्यासारखं, जड झाल्यासारखं वाटतं का? डोळा लाल होतो का, हे शेजारणीला जरा बघायला सांगशील?

घाई नाही. पण लवकर लिही.

तुझी,
ठकी


२४ मार्च

ठके,

ते बंद झालं. दहा-बारा दिवस झाले, काही येत नाही. तू म्हणालीस तसं करमणूकच असणार. आता बरं आहे, वेळेवर झोप लागते.

हवा चांगली आहे. सकाळी गार असतं, दुपारी ऊन होतं. जिन्याला नवा रंग दिलाय, वास अजून जात नाही. डोळा लाल वगैरे काही नाही.

तू जेवत जा वेळेवर.

आत्या


३० मार्च

आत्या,

तू खोटं लिहिलंस. जन्मात कधी तू मला हवेबद्दल लिहिलेलं नाहीस.

मीही लबाडी केली. ते प्रश्न कुतूहलाचे नव्हते. काय झालं ते आता सरळ सांगते. मास्तरांना म्हणावं, सावकाश वाचा.

महिन्याच्या सुरुवातीला आमच्याकडे वीज गेली. मी तेव्हा जुळीला मीटर लावून बसले होते, काट्याचा जुना मीटर आहे. पंप थांबला, दिवे गेले, खोलीत कधी नव्हे ती शांतता. चकतीचा पुरवठाही तुटला, म्हणजे काटा शून्यावर पडायला हवा होता. मी मोबाइलचा उजेड पाडला. काटा शून्यावर नव्हता, त्याच्या जरासा वर उभा होता आणि तिथेच राहिला. मला आधी वाटलं मीटर बिघडला. मग तुझं पत्र आठवलं.

आम्ही रोज मोजतो ते चकती चालू असताना. सुरुवातीपासून तशीच पद्धत आहे. बंद चकतीत काय मोजायचं, हा विचार इथे कुणालाच शिवला नाही, मलाही नाही. आणि तिकडे चौकोनवाली विचारते ते चष्मा लावूनच. दोन्ही टोकांना तीच चूक.

चकतीच्या झाकणाच्या सांध्यातून पाण्याचा अंश आत शिरलाय. आत दोन वेगळे धातू आहेत. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरी होते, शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून करायचो तशी. चकती आता आपली आपणच वीज करते. थोडीशी, पण सतत. तुझा डोळा तर दिवसभर हलतो, झोपेतही हलतो, बरणीत कोणी डोळा मिचकावत नाही. म्हणून तुझा सांधा जुळीच्या आधीच सुटला असणार.

चष्म्याची वीज उलटसुलट धावते, ती पडद्याला सोसते. ही एकाच दिशेने वाहते, आणि अशी वीज पडदा हळूहळू जाळते. तुझा निळा वाढतोय म्हणजे जळण्याची जागा वाढतेय.

मी तुला मजा घे म्हणून लिहिलं होतं. ते वाक्य मला झोपू देत नाही.

मीठबाईंना मी जुळीबद्दल सांगितलंय. तुझ्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. पण तू सांग, आत्या. ही चकती काढायला हवी.

तुझी,
ठकी


५ एप्रिल

चि. ठकीस,

पत्र पोचलं.

मी तुला आत्या म्हणून लिहिलं होतं. तू ते बरणीतल्या नमुन्यासारखं वाचलंस आणि वर मीटर लावलास.

माझा डोळा आहे. तो जळायचा असेल तर माझा जळेल. आधीही त्याच्यात काय दिवे लागले होते? मला कुणी काही विचारलं तर मी कानावर हात ठेवणार आहे. तू दिलेला शब्द पाळ, म्हणजे झालं.

आत्या


२१ एप्रिल

आत्या,

तू रागावली आहेस, रागाव. पण हे पत्र शेवटपर्यंत ऐक.

चकत्या बसवायला परवानगी देणारी एक समिती आहे, तिच्यासमोर परवा मीठबाईंनी जुळीचे आकडे ठेवले. आता आम्ही सगळ्या बरण्या बंद करून मोजतो, आणखीही चकत्यांमध्ये तेच निघालंय. समितीतले डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यात महिनोन्‌महिने शिजवलं तर काय वाटेल ते होईल, पण डोळ्यात होतंय का ते सांगा. इतक्या लोकांना चकत्या बसवल्या, एकाही जिवंत माणसाची तक्रार नाही. मीठबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. मी खाली बघत राहिले.

जूनपासून नव्या लोकांना याच चकत्या बसवणार आहेत. मीठबाईंनी भांडून एवढंच पदरात पाडलं की या तपासणीपासून चौकोनवाली सगळ्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारेल. चष्मा काढल्यावर काही दिसतं का? एक जरी माणूस हो म्हणाला तर नवी कामं थांबतील.

तू नाही म्हणालीस तर मी तुला उघडं पाडणार नाही. पण मग मला या खोलीत बसता येणार नाही. आणि तुझ्यासमोरही येता येईल की नाही, माहीत नाही.

पडदा आत्ता वाचला तर पुढे कधीतरी दुसरी, चांगली चकती त्यावर बसेल. जळून गेला तर कायमचं संपलं. पण खरं सांगू? मला त्या पुढच्या चकतीचंही एवढं नाही. मला तुझा डोळा हवाय. तो माझ्याकडे बघणारा नसला तरी चालेल, पण मी येते तेव्हा तू मान वळवतेस आणि तो माझ्या दिशेला येतो, तो तसा हवाय मला. तुला दुखत असेल आणि तू सांगत नसशील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ठकी


१२ मे

ठके,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तपासणीला गेले तीही नाही म्हणायचं ठरवूनच. शेजारीण सोबत होती, तिलाही मी काही सांगितलेलं नव्हतं.

बाहेरच्या बाकांवर आम्ही आठ-दहा जण. सगळ्यांच्या नाकावर तोच चष्मा, एकमेकांकडे कॅमेरे लावून गप्प बसलेलो. वर्षानुवर्षं असेच बसतो. कुणी कुणाशी बोलत नाही, हाक मारली की उठायचं, चौकोन दाखवायचा, घरी जायचं.

माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. तिशीची असेल, आवाजावरून. तिला चकती बसलेली नाही, जूनमध्ये बसणार आहे. तिच्या मांडीवर तिचं बाळ होतं, ते माझ्या पदराशी खेळत होतं. मुलगी अगदी हरखलेली. कसं असतं हो, बाळाचा चेहरा दिसेल का, वगैरे वगैरे. मी म्हटलं चेहरा नाही गं, पण ते दारातून रांगत आलं तर कळेल. तिला तेवढंही पुष्कळ वाटलं. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "मला भीती एकाच गोष्टीची वाटते. चष्मा काढला की परत अंधार होतो ना हो?"

चौकोनवालीने विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, ठके. उत्तर घोटून गेले होते. पण या पोरीने असं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "नाही होत."

  बाकाच्या त्या टोकाला एक म्हातारा माणूस बसतो, शिंपी आहे हे मागाहून कळलं, इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. तो अगदी हळू म्हणाला,

"निळा?"

 मी हो म्हटलं. तेवढ्यात समोरून एक बाई म्हणाली, माझा हिरवा आहे. आणि मग बांध फुटावा तसे सगळे बोलायला लागले. कुणाचा वरून येतो, कुणाचा कोपऱ्यात बसून राहतो. एकाने बायकोलाही सांगितलं नव्हतं. एक म्हणाला, मी देवाचं नाव घेऊन बसायचो त्या वेळी, मला वाटलं दर्शन होतंय. प्रत्येकाला वाटत होतं, हे फक्त आपल्याला मिळालंय आणि सांगितलं की जाईल. चौकोनवालीने दार उघडलं तर आम्ही सगळे चष्मे मांडीवर काढून ठेवून एकमेकांना मध्येच तोडत बोलत होतो. तिला बिचारीला वाटलं, काय वेड लागलं यांना.

आत गेल्यावर तिने तो प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. माझ्यामागून सगळ्यांनी दिलं.

त्या मुलीला मी काय ते समजावलं.  ती म्हणाली, मी थांबेन. तिला रडू आवरत नव्हतं, मलाही.

डोळा टोचतो. फेब्रुवारीपासून टोचतो. आता सांगून टाकते.

आत्या


१७ मे

आत्या, माझी आत्या,

काल मीठबाई तळघरात आल्या आणि म्हणाल्या, जूनची सगळी कामं थांबवली. एवढंच म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चष्मा पुसला, दोनदा. मग मला विचारलं, पहिल्यांदा हो म्हणाली ती बाई तुझी कोण? मी सांगितलं. आता त्या मला डबा खाताना स्वतःजवळ बसवतात, मीठ कमी असलं तरी काही म्हणत नाहीत.

तुझी चकती काढायची तारीख तीन जून, मंगळवार. मी सोमवारी सकाळीच पोचते.

तुझी,
ठकी


२१ मे

ठके,

सोमवारी येऊ नकोस. मंगळवारी सकाळी थेट इस्पितळात ये. सोमवारची संध्याकाळ माझी आहे, आणि घरी पाहुणे आहेत.

आत्या


२९ जून

प्रिय ठके,

तू परत गेल्यापासून घर फार मोठं झालंय. पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, पडदा पुष्कळसा वाचलाय, डावीकडचा तेवढा गेला. तू विचारत होतीस ना, सोमवारी कोण पाहुणे आले होते म्हणून. मी तेव्हा सांगितलं नाही, मला रडायचं नव्हतं. आता सांगते.

बाकावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. एकेकाला कुणी ना कुणी दारापर्यंत आणून सोडलं. शेजारणीने चहा केला आणि आमच्याकडे एकदा बघून निघून गेली. टेबलावर सगळ्यांचे चष्मे ओळीने ठेवले. खिडक्या लावल्या नाहीत, दिवे लावले नाहीत, त्याचा उपयोगच काय. आणि बसलो वाट बघत.

सगळ्यांत आधी हिरवीचा आला. मग माझा. कुणाचा आला की तो नुसता 'आला' म्हणायचा. मग ठरलं, एकेकाने बोलायचं, आपलं काय चाललंय ते, बाकीच्यांनी ऐकायचं. मी माझ्या घड्या सांगितल्या. शिंप्याचा निळा माझ्यापेक्षा गडद, त्याच्यात मध्येच उभ्या रेघा पडतात, तो म्हणाला. दर्शनवाल्याने वेगळं काही सांगितलं नाही, तो नुसता म्हणाला, अजून आहे, अजून आहे. ठके, त्या खोलीत कुणालाच दुसऱ्याचं काही दिसत नव्हतं, पण मला वाटलं आम्ही सगळे एकाच मोठ्या पाण्याच्या काठाला बसलोय. किती वेळ गेला माहीत नाही. माझा मागे सरला तेव्हा मी सांगितलं, गेला. कुणीतरी माझा हात धरला. कोण ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, तू माझी पर्स घेऊन बसली होतीस.

सोमवारी रात्री निघताना शिंपी मला म्हणाला होता, बाई, मी काही काढून घेणार नाही. घरात एकटा आहे, माझ्याकडे संध्याकाळी तेवढंच आहे. पण तुमचं झाल्यावर मला लिहा, काय वाटतं ते. खरं लिहा.

पट्टी निघाल्यावर मी टाइपरायटरपुढे बसले. बरं वाटतं असं लिहावं, म्हणजे तो तयार होईल. दोनदा तसं लिहिलं आणि दोनदा कागद फाडला. शेवटी जे आहे ते लिहिलं. लिहिलं की आता काही नाही. मी सवयीने त्या वेळी खुर्ची वळवून बसते, काही येत नाही, आणि रोज नव्याने वाईट वाटतं. फक्त टोचायचं थांबलं आहे, आणि डोळा आहे. एवढंच हातात आलं, शिंपीबुवा, याहून जास्त काही नाही.

पाठवून दिलं आणि मग माझंच मला वाटलं, मूर्ख बाई, असं लिहून कोण येणार.

आज सकाळी त्याचा फोन आला. कुणाकडून तरी पत्र वाचून घेतलं होतं. म्हणाला, बाई, तुम्ही गोड लिहिलं असतं तर मी आलोच नसतो. तारीख घेतलीय, पुढचा गुरुवार. मी विचारलं सोबत कोण येणार. तर म्हणाला, कुणी नाही, जाईन आपला.

मी म्हटलं, मी येते. तो हसला, म्हणाला, आपण दोघे जाणार कसे? मी म्हटलं, टॅक्सीवाल्याला दिसतं की.

तेव्हा गुरुवारी फोन करू नकोस, मी घरी नसेन.

तुझी,
आत्या